तापवाले गायकवाड

समाजावर संकट चालून येतं तेव्हा त्याच्या उंबरठ्यावर एखादा निःस्वार्थ प्रहरी अहोरात्र जागा उभा असतो, हे वाक्य मी नोकरीच्या काळात निरनिराळ्या साहेबांच्या भाषणांसाठी बऱ्याचदा लिहून दिलं आहे. लिहिताना दर वेळी डोळ्यांसमोर दामोदर गायकवाड यायचे, आणि दर वेळी ते वाक्य खोटं वाटायचं. कारण गायकवाड उंबरठ्यावर कधीच उभे राहत नसत. ते मागच्या दाराने जात. पुढच्या दाराशी बहुतेक ठिकाणी कुत्रा असतो, आणि गायकवाड कुत्र्यांना फार भीत.

ते आरोग्य सहाय्यक होते. मी भिवंडीच्या आमच्या कार्यालयात बसून त्यांच्यासारख्यांनी आणलेले आकडे जुळवणारा कारकून. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, घरोघर जाऊन ताप शोधायचा. आधी मलेरियाचा, मग ज्या वर्षी जो येईल त्याचा. पडघ्यापासून कोनपर्यंत त्यांना गायकवाड म्हणून फारसं कोणी ओळखत नसे. "तापवाले आले" असं पोरं ओरडत सांगत. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. फोनवर ते स्वतःच "मी तापवाला बोलतोय" म्हणत, आणि नवा साहेब असेल तर तो दचकायचा.

उंच, खांद्यात जरासा वाक, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. पेन त्यांच्याकडे कधीच नसे. सही करायची वेळ आली की "बर्वे, पेन" असा हात पुढे यायचा. विचार करताना ते थर्मामीटर काढून झटकत. बैठकीत त्यांच्या डाव्या बाजूला कोणी बसत नसे.

त्यांची विचारपूस करण्याची पद्धत वेगळी होती. आमच्या छापील नमुन्यात पहिलाच प्रश्न होता : घरात कोणाला ताप आहे काय? गायकवाडांनी तो प्रश्न आयुष्यात कधी विचारला नाही.

"ताप आहे का विचारलं की माणूस नाही म्हणतो," ते म्हणायचे. "चहा घेणार का विचारल्यावर म्हणतो तसं."

मग ते काय विचारत, ते मी एकदा शेलार गावाच्या बाजूला पाहिलं. पत्र्याची मोठी शेड, आत लूमचा असा खडखडाट की समोरच्याचे ओठ वाचावे लागतात. मुकादमाने आम्हाला बाहेरच गाठलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "सब ठीक है साहब. मेरे इधर एक भी बीमार नहीं."

"बीमार कौन पूछ रहा है," गायकवाड म्हणाले. "बदली पे कौन कौन है, वो बताओ."

लूम थांबत नाही. माणूस आडवा पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि शेडमध्ये पाहाल तर सगळे ठणठणीतच दिसतात, कारण आजारी माणूस शेडमध्ये नसतोच. मुकादमाने आत जाऊन विचारल्यावर तीन हात वर झाले, चांगले ताठ, कारण त्या तिघांना वाटलं की साहेब कायम करायला आलेत. त्या तिघांना विचारत आम्ही मूळच्या तिघांच्या खोल्या शोधल्या. तिन्ही खोल्यांत एकेक चादर पांघरलेला माणूस थरथरत पडला होता. गायकवाडांनी तिघांचं रक्त काचेवर घेतलं, गोळ्या दिल्या आणि माझ्याकडे हात केला. "पेन."

दोन हजार सहाच्या सुरुवातीला राज्याच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्या मरू लागल्या आणि बर्ड फ्लू हा शब्द आमच्याकडे पोहोचला. त्या भागातल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्याच्या बातम्याही पाठोपाठ आल्या. कोंबड्यांचं खातं वेगळं. आमच्याकडे माणसं. कोंबडीपासून कोणा माणसाला लागण झाली का, हे आम्ही बघायचं होतं.

त्यासाठी नियंत्रण कक्ष स्थापन झाला. म्हणजे माझं टेबल खिडकीपासून तीन फूट आत सरकवलं आणि वर कापडी फलक लावला. फोन माझाच होता, त्याला लाल रंगाचं कव्हर आलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारे दोन पांढरे पोशाख आले. ते कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आलं, कारण त्यांची नोंद मौल्यवान वस्तूंत होती. रोज सकाळी अकराच्या आत जिल्ह्याला अहवाल पाठवायचा होता, आणि त्यातल्या मुख्य रकान्यात काय लिहायचं हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. निरंक.

निरंक हा सरकारी मराठीतला माझा फार आवडता शब्द आहे. शून्य म्हटलं की कोणीतरी जाऊन मोजलं असेल असं वाटतं. निरंक म्हटलं की जायचीही गरज पडत नाही.

गायकवाड मात्र निरंक लिहीत नसत. बोटभर रुंदीच्या त्या रकान्यात ते मुंग्यांच्या अक्षरात लिहीत : "घरे ४१ पाहिली. ताप ३. कोंबडीशी संबंध नाही असे वाटते. उद्या पुन्हा बघतो." मी ते वाचायचो आणि खाली अहवालात निरंक लिहायचो. याबद्दल त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. फक्त माझं पेन परत देताना जरा जास्त वेळ हातात धरायचे.

तोवर लोकांनी कोंबडी खायची सोडली होती. भीती घालवण्यासाठी एका सकाळी मैदानात मांडव घालून जाहीर कोंबडी खाण्याचा कार्यक्रम ठरला. व्यासपीठ, हार, समई. समई पेटवून कोंबडी खाल्लेली मी तेवढ्याच वेळी पाहिली. एका पुढाऱ्यांनी निर्भयतेवर भाषण केलं आणि तंगडी उचलली. आमचे साहेब शाकाहारी. त्यांनीही एक तंगडी हातात घेतली, फोटो निघेपर्यंत हसत धरून ठेवली, आणि मग ती कुठे ठेवावी हे न कळल्यामुळे माझ्याकडे दिली.

मी ती घेऊन मांडवाच्या मागे गेलो तर तिथे गायकवाड. चुलाणांच्या पलीकडे एक टेम्पो उभा होता, आणि त्याच्या ड्रायव्हरशी ते गप्पा मारत होते. कोंबड्या भोईरशेठनी फुकट दिल्या होत्या. कोनजवळची जमीन गोदामांना देऊन शेठनी पडघ्याच्या पुढे मोठी पोल्ट्री टाकली होती, आणि धंदा बसला तर त्यांच्यासारखे सगळेच बसणार होते.

"कोंबड्या भरायला शेडवर किती बाया होत्या?" गायकवाडांनी विचारलं.

"चार. नेहमीच्याच," ड्रायव्हर म्हणाला.

"नेहमीच्याच चार?"

"तीन नेहमीच्या. हौसाच्या जागी तिची जाऊ आलती. बदलीवर."

गायकवाडांनी थर्मामीटर झटकला. मी मागे सरकलो, हातात तंगडी घेऊन.

"बर्वे, ती टाका कुठेतरी," ते म्हणाले. "आणि चला. साक्षीला दुसरी सही लागेल."

जीप कार्यक्रमाला गुंतलेली होती. त्यांच्या जुन्या मोपेडवर मी मागे बसलो, मांडीवर लस ठेवायचा बर्फाचा डबा. पांढरे पोशाख मागून बघितले होते, पण कपाटाची किल्ली असलेला भांडारपाल रजेवर होता. गायकवाडांनी नाकाला रुमाल बांधला. मीही बांधला. हायवेवर ट्रकवाले आमच्याकडे पाहत होते.

पोल्ट्रीच्या पुढच्या गेटाशी एक काळा कुत्रा साखळीने बांधलेला होता. गायकवाडांनी मोपेड शंभर पावलं आधीच थांबवली आणि आम्ही काटेरी कुंपणाला वळसा घालून मागून आत गेलो. हौसाची जाऊ मंदा खाद्य टाकत होती.

"हौसा कुठाय?"

"घरी. काम हाय तिला."

"किती दिवस काम आहे?"

"चार."

"इकडे पाखरं मरतायत का?"

"मरतातच की वो. ऊन लागला की मरतात. रोज दोन-चार."

"आणि या आठवड्यात?"

मंदाने खाद्याची बादली खाली ठेवली. "टोपलीभर," ती म्हणाली. "मागं खड्ड्यात टाकलीत. हौसाच टाकत होती."

मंदाला वाट विचारून आम्ही वाडीत गेलो. हौसाच्या घराशीही ते मागच्या अंगाला गेले. सासू दारातच बसली होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"घरात कोनाला ताप न्हाय," आम्ही काही विचारायच्या आत ती म्हणाली. "सगली बरी हायत."

"हौसा?"

"म्हायेरी जेलीय."

"कधी?"

"जेलीय म्हंते ना."

तेवढ्यात आतून खोकला आला आणि त्याच वेळी एक कोंबडी ओरडली. दोन्ही आवाज एकाच जागेवरून आले होते. गायकवाड सासूच्या हाताखालून वाकून आत शिरले. मी ओट्यावर उभा राहिलो. मला तिथून सगळं दिसत होतं, आणि मी जास्त दिसू नये असा प्रयत्न करत होतो.

अंधाऱ्या खोलीत बाजेवर गोधडी पांघरून हौसा पडली होती. बाजेखाली दोन डालगी उपडी घातली होती आणि त्यांच्या आत घरच्या कोंबड्या कोंबल्या होत्या. सरकारी माणसं आली की कोंबड्या मारतात, हे वाडीत पोहोचलं होतं. मग लपवायची सगळ्यांत चांगली जागा कुठली, तर जिथे आजारी माणूस निजलंय तिथे कोणी बघत नाही. सर्वेक्षणाची खबर लागताच सासूने कोंबड्या सुनेच्या बाजेखाली नेऊन ठेवल्या होत्या, आणि कोणी कोंबड्या शोधू नयेत म्हणून आता ती सुनेलाही लपवत होती. ज्या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवा असं आम्ही गावोगाव सांगत फिरत होतो, त्या आमच्याच भीतीने एका बाजेवर आणि बाजेखाली आल्या होत्या.

"भाऊ, कोंबऱ्यांना हात नका लावू," सासू म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "माज्या हायत त्या. तिच्या न्हायत, शेठच्या न्हायत."

"मावशी, मी कोंबडीवाला नाही. मी तापवाला. मला कोंबड्या मोजताच येत नाहीत. पण त्या इथून उचला आणि तिकडे लांब खुराड्यात नेऊन ठेवा."

"तुमी बगितल्याव. आता मारतील."

"मी नाही पाहिल्या. बर्वे, तुम्ही काही पाहिलंत?"

"मी ओट्यावर आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं.

ताप एकशे तीन होता. मग गायकवाडांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर धरलं आणि हौसाचा श्वास मोजला. आमचे बाकीचे लोक अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात. गायकवाड पूर्ण मिनिट मोजत, आणि ते मिनिट कधी संपेल असं बघणाऱ्याला होऊन जाई. अठ्ठावीस. धडधाकट माणसाचा सोळा-अठरा असतो.

"भाऊ, मी मरनार का?" हौसाने विचारलं. तिशीतली असेल.

"आज कोण मरतंय," गायकवाड म्हणाले. "आज शुक्रवार आहे. कार्यालयात कोणी नाही नोंद करायला."

ती हसली आणि त्यामुळे पुन्हा खोकली.

आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरबाईंना निरोप गेला. त्या येईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो, आणि तिथे मी त्यांना विचारलं की एवढं काय आहे त्या निरंकमध्ये, सगळे लिहितात.

"मीही लिहिलंय एकदा," ते म्हणाले. "नदीला पाणी होतं. पलीकडच्या पाड्यावर गेलो नाही. अलीकडून लिहिलं, निरंक. चार दिवसांनी पाणी ओसरल्यावर गेलो. एक पोरगी होती, आठ वर्षांची. मलेरिया." खिशातला थर्मामीटर सरळ करून म्हणाले, "म्हणजे मी गेलो तेव्हा नव्हती."

डॉक्टरबाईंनी घशातला नमुना घेतला, आणि तो बर्फाच्या डब्यात बसून पुण्याच्या प्रयोगशाळेच्या दिशेने निघाला. त्यांनी साध्या गोळ्याही सुरू केल्या. पण बर्ड फ्लूच्या कॅप्सूल जिल्ह्याच्या ताब्यात होत्या आणि रुग्णालयातली वेगळी खोलीही. दोन्ही गोष्टी मिळण्यासाठी नियम साधा होता. अहवालाच्या रकान्यात आकडा हवा. निरंक असेल त्या तालुक्याला कॅप्सूल कशाला?

दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना गायकवाडांनी माझ्या पेनाने त्या रकान्यात लिहिलं : १.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. ते घाबरलेले होते, आणि घाबरायला कारणही होतं.

"गायकवाड, संशयित या शब्दाचा अर्थ कळतो का तुम्हाला? संध्याकाळपर्यंत इथे टीव्हीच्या गाड्या उभ्या राहतील. त्या पट्ट्यात एक कोंबडी जिवंत राहणार नाही. काल आपण मांडव घालून खाल्ल्या त्या."

"मी संशयित नाही लिहिलं साहेब. एक लिहिलंय."

"एक म्हणजे काय?"

"एक म्हणजे हौसा."

"पुण्याचा अहवाल येईपर्यंत निरंक," साहेब म्हणाले. "नंतर बघू."

गायकवाडांनी थर्मामीटर झटकला. साहेबांनी मान मागे घेतली.

"निरंक तुम्ही लिहा साहेब. तुमच्या हाताने. माझ्याकडे पेन नाही."

साहेबांकडे पेन होतं, सोनेरी टोपणाचं. त्यांनी ते काढलं, कागदावर नेलं आणि परत खिशात ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. अहवाल शेवटी मीच उतरवायचा असतो. मी त्या दिवशी रकाना कोरा सोडला, आणि रविवारीही. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीतलं सर्वांत मोठं धाडस म्हणजे तो कोरा रकाना. जिल्ह्याहून फोन आला, इथे काहीच का दिसत नाही? मी सांगितलं, कार्बन पुसट आलाय.

कोऱ्या रकान्याला कॅप्सूल मिळत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढचे दोन दिवस गायकवाड सकाळ-संध्याकाळ वाडीत जात होते. हौसाच्या जवळ गेलेल्या माणसांची यादी त्यांनी केली : सासू, नवरा, मंदा, टेम्पोचा ड्रायव्हर, डॉक्टरबाई, शेजारच्या दोघी. आठव्या क्रमांकावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि रोज स्वतःचा ताप घेऊन पुढे लिहू लागले.

"आणि तुम्ही नऊ," ते मला म्हणाले.

"मी तर ओट्यावर होतो."

"म्हणून नऊ. आत आला असतात तर आठ."

त्या दिवसापासून माझा घसा दुखायला लागला. घरी मी बाहेरच्या खोलीत निजू लागलो. बायकोला कारण सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, पण माझं ताट वेगळं घासायला लागली. गायकवाडांच्या घरी तर त्यांनी स्वतःच ताट व्हरांड्यात मागून घेतलं होतं. गोकुळनगरला त्यांच्या शेजाऱ्यांनी विचारलं की वहिनींशी भांडण झालं काय. ते हो म्हणाले. ते सोपं होतं.

भोईरशेठ कार्यालयात येऊन गेले. पांढरी सफारी, गळ्यात चेन, डोळे न झोपलेल्या माणसाचे. "साहेब, या तापवाल्याला आवरा," ते म्हणाले. "माज्या शेडवर मागल्या दारानं चोरासारका घुसतो. बारा बाया कामाला हायत माज्याकडं. उद्या टालं लागला तर त्यांना काय तुमी पोसनार?" हा प्रश्न बरोबर होता, म्हणून साहेबांनी चहा मागवला.

सोमवारी सकाळी नऊलाच गायकवाड नियंत्रण कक्षात आले. साहेब अजून यायचे होते. गायकवाड बसले नाहीत.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले.

"काय चव्वेचाळीस?"

"श्वास. ओठ निळे पडलेत." मग त्यांनी त्या लाल कव्हरच्या फोनकडे पाहिलं. "जिल्ह्याचा नंबर काय आहे, बर्वे?"

लाल कव्हर आल्यापासून त्या फोनवरून आम्ही कोणालाही फोन केलेला नव्हता. तो यायच्या फोनसाठी होता. मी नंबर सांगितला. त्यांनी तो फिरवला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी खिशातला थर्मामीटर दाबून धरला होता.

"मी तापवाला बोलतोय," ते म्हणाले. "एक लिहून घ्या. बाई. पोल्ट्रीवर कामाला. नाव हौसा. गाडी पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, साहेबांची परवानगी नाही. माझी आहे." परत काहीतरी. "गायकवाड. ग, काना, य."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं. माझ्या अहवालाच्या प्रतींत शनिवारच्या कोऱ्या रकान्यात, रविवारच्या आणि त्या दिवशीच्या, तिन्ही ठिकाणी त्यांनी एक लिहिलं.

गाडी दुपारी आली. ड्रायव्हर आत यायला तयार नव्हता, तेव्हा हौसाला सासूने आणि गायकवाडांनी धरून आणलं. गाडीत तिच्याजवळ तेच बसले. कोंबड्या बाहेर मोकळ्या फिरत होत्या. सासूला आता त्या लपवायचं सुचत नव्हतं.

टीव्हीची एकही गाडी आली नाही. एक वार्ताहर तेवढा येऊन गेला. त्याला साहेबांचा तंगडी धरलेला फोटो हवा होता.

साहेब दोन दिवस गायकवाडांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "कशी आहे ती?" मी म्हणालो, ऑक्सिजनवर आहे. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मला दोन मुली आहेत, बर्वे," ते म्हणाले. याचा संबंध कशाशी होता मला कळलं नाही, किंवा कळला आणि मी विचारलं नाही.

आणखी चार दिवस पुण्याच्या अहवालाची वाट बघण्यात गेले. यादीतल्या नऊ जणांचे ताप मी रोज लिहून घेत होतो. मंदाला एक दिवस शंभर ताप आला आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी उतरला. माझा स्वतःचा मी दिवसातून पाच वेळा बघत होतो. गायकवाड रोज सकाळी आठव्या ओळीत आपला आकडा घालत, आणि तो घालताना कागद माझ्यापासून जरा वळवून धरत. एक दिवस मी डोकावून पाहिलं. नव्व्याण्णव पूर्णांक दोन. मी मान परत आपल्या अहवालात घातली. त्यांनीही कागद वळवलेलाच ठेवला.

मग अहवाल आला. बर्ड फ्लू नाही. कोंबड्यांच्या खात्याचाही आला. शेडवरची पाखरं राणीखेतने मेली होती, तो कोंबड्यांचा जुना रोग. हौसाला साधा न्यूमोनिया होता. साधा म्हणजे ज्याने आमच्या तालुक्यात दर वर्षी माणसं जातात आणि ज्यासाठी मांडव घालत नाहीत. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी गायकवाडांना सांगितलं की आणखी एक दिवस घरी राहिली असती तर आणायचं कारण उरलं नसतं.

 गायकवाड मला एवढंच म्हणाले, "मावशींना सांगायला हवं. कोंबड्या वाचल्या."

सगळ्यांत जास्त आनंद भोईरशेठना झाला. ते पेढे घेऊन कार्यालयात आले आणि सगळ्यांदेखत गायकवाडांचे दोन्ही हात धरले. "गायकवाडसाहेब, माजी चूक झाली. आता हौसा कामावर आली की शेडवर यायचा, नि मागून न्हाय. पुडच्या गेटानं. मानानं."

गायकवाडांनी बरंच टाळलं. पण हौसा कामावर रुजू झाली त्या दिवशी तिला बघायला जायचंच होतं, आणि शेठ स्वतः गेटात उभे होते, हात जोडून. तीस वर्षांत पहिल्यांदाच गायकवाड कोणाच्या पुढच्या दाराने आत गेले. साखळी त्या दिवशी, पाहुण्यांच्या मानासाठी, कोणीतरी काढून ठेवली होती.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते रुग्णालयातल्या इंजेक्शनच्या रांगेत. डाव्या पोटरीला पट्टी, बाकावर सरळ बसलेले. कुत्रा चावल्यावर घ्यायच्या पाच इंजेक्शनांतलं चौथं होतं. मी अंतिम अहवालावर त्यांची सही घ्यायला गेलो होतो. त्यांनी मुख्य रकान्यावर बोट ठेवलं.

"निरंक नको," ते म्हणाले. "शून्य लिहा. मोजलंय आपण."

सही करून त्यांनी पेन परत दिलं आणि सुई भरणाऱ्या माणसाकडे पाहत राहिले.

"तुम्ही नेहमीचे नाही," ते त्याला म्हणाले.

"नाही, बदलीवर आहे. नेहमीच्यांना बरं नाही."

"राहतात कुठे?"

मी निघालो तेव्हा ते पट्टीच्या पायावर भार न देता उठत होते आणि खिशातून थर्मामीटर काढत होते. पुढे मेमध्ये ते निवृत्त झाले. माझी त्याआधीच बदली झाली होती.

त्या मोहिमेचा अंतिम अहवाल माझ्या हातचा आहे. मानवी रुग्णांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं होतं. जिल्ह्याच्या कारकुनाने ते खोडून निरंक केलं. पुढच्या रकान्याला मात्र त्याने हात लावला नाही. मोहिमेत जखमी झालेले कर्मचारी : एक. कारण : कुत्रा.